दूध बाजार आणि कोरा चहा

नाशिकच्या जुन्या गावठाणात एका भागाला दूध बाजार म्हणतात आणि तेथून जवळच असलेल्या दुसऱ्या भागाला दहीपूल. माझे घर याच परिसरात आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून गेली सदतीस वर्षे पत्ता सांगताना मी ही नावे सहज उच्चारीत आले. अलीकडे मात्र ती उच्चारताना मन क्षणभर अडखळते. या नावांत ज्या पदार्थांचा उल्लेख आहे, त्यांपैकी एकही आता माझ्या पोटात जाऊ शकत नाही. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर, साय यांपैकी काहीही चमचाभर जरी पोटात गेले, तरी चार-पाच तासांनी माझे अंग पेटते. क्वचित श्वासही कोंडतो.

मराठी भाषा दुधातुपात न्हालेली आहे. एका चांगल्या गोष्टीत दुसरी चांगली गोष्ट मिळाली की आपण 'दुधात साखर' म्हणतो. नातवंडांना 'दुधावरची साय' म्हणतो. हट्टी माणसाचे वर्णन 'खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी' असे करतो. घरची सुबत्ता सांगायला 'दूधदुभते' हा एक शब्द पुरतो. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात. म्हणी आणि वाक्प्रचार वाचताना वाच्यार्थ मागे ठेवून लक्ष्यार्थाकडे जायचे असते, हे तुम्ही अभ्यासले आहे. माझ्या वाट्याला याच्या उलट अभ्यास आला. माझ्यापुरते या म्हणींचे वाच्यार्थच पुन्हा जिवंत झाले. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते, असे म्हणतात. मला ते फुंकूनही पिता येत नाही.

हे दुखणे मला एका गोचिडीमुळे जडले. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सहा महिने राहिले होते. डिंक, अळीव, सुंठ अशी सगळी सामग्री घेऊन आजी जशी जाते, तशीच मी गेले होते. बाळ दीड महिन्याचे झाल्यावर सकाळी त्याला बाबागाडीत घालून मी घराजवळच्या पायवाटेने फिरवीत असे. वाटेच्या दोन्ही अंगांना गुडघाभर गवत होते आणि पलीकडे दाट झाडी. एके दिवशी घोट्याच्या वर मसुरीच्या डाळीएवढी, तांबूस, पाठीवर एकच पांढरा ठिपका असलेली गोचीड चिकटलेली दिसली. जावयांनी ती चिमट्याने अलगद काढली. त्या जागी दोन-तीन आठवडे खाज राहिली, एवढेच. गुरांच्या आणि कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडी आपण लहानपणापासून पाहिलेल्या असतात. त्यामुळे त्या प्रसंगाचे कोणालाच विशेष वाटले नाही.

नाशिकला परतल्यावर काही आठवड्यांनी रात्री-अपरात्री माझ्या अंगावर गांधी उठू लागल्या. कोजागरीला गच्चीवर आटीव मसाला दूध झाले आणि पहाटे चारच्या सुमारास तळहात खाजू लागले, ओठ सुजले, पोटात कळा आल्या आणि घसा आतून कोणी आवळल्यासारखा झाला. रिक्षातून दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्यावे लागले. त्यानंतरचे कित्येक महिने या दुखण्याला 'पित्त' हेच नाव होते. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की पित्त उठले असे म्हणतात, आणि पित्तावरचे घरगुती उपायही ठरलेले आहेत. अंगाला आमसुलाचे पाणी लावावे आणि झोपण्यापूर्वी कपभर थंड दूध घ्यावे. जे औषध म्हणून प्रेमाने हाती दिले जात होते, तेच दुखण्याचे मूळ होते. पण हे कोणाच्या ध्यानी यावे तरी कसे? बहुतेक ॲलर्जी घास पोटात जाताच किंवा थोड्याच वेळात प्रकट होतात. ही मात्र दोन ते सहा तास वाट पाहते. रात्री नऊ वाजता जे खाल्ले, त्याचा हिशेब पहाटे दोन वाजता होतो; आणि तोवर माणूस जेवण विसरून झोपलेला असतो.

पुढच्या वर्षी एका ॲलर्जीतज्ज्ञांनी मला खाण्याविषयी दहा प्रश्न विचारले आणि अकरावा प्रश्न विचारला तो गोचिडीविषयी. रक्ताचा नमुना तपासणीसाठी बाहेर पाठवला गेला आणि दुखण्याला नाव मिळाले : अल्फा-गॅल सिंड्रोम.

या दुखण्याचे शास्त्र थोडक्यात सांगते, कारण ते समजल्याशिवाय माझे पुढचे बोलणे तुम्हाला विक्षिप्त वाटेल. अल्फा-गॅल ही एक प्रकारची शर्करा आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर अशा बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती असते. माणूस, वानर आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे यांच्या शरीरात मात्र ती नसते. सुमारे दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी ती तयार करण्याची क्षमता गमावली. पक्षी आणि मासे यांच्यातही ती नसते. काही जातींच्या गोचिडींच्या लाळेतून ही शर्करा माणसाच्या त्वचेत शिरते. शरीराची संरक्षणव्यवस्था तिला शत्रू ठरवते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते. पुढे तीच शर्करा अन्नातून आली की हे सारे सैन्य उठते. दक्षिण महाराष्ट्रात सिंधुदुर्गच्या दोडामार्ग भागात २०१६ मध्ये आलेल्या माकडतापामुळे गोचीड आणि आजार यांचे नाते आपल्याकडे काहींना परिचित झाले आहे. पण तो विषाणूचा ताप आहे. माझ्या दुखण्यात कोणताही जंतू नाही. माझेच शरीर एका निरुपद्रवी पदार्थाला ओळखण्यात टोकाला गेले आहे.

या आजाराचा शोधही एखाद्या रहस्यकथेसारखा लागला. सेटुक्सिमॅब नावाचे कर्करोगावरील औषध अमेरिकेच्या आग्नेय भागातील राज्यांत अनेक रुग्णांना पहिल्याच मात्रेला तीव्र बाधू लागले. इतरत्र तसे होत नव्हते. त्या औषधात अल्फा-गॅल आहे आणि या रुग्णांच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे औषध घेण्यापूर्वीच आहेत, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे ही साखळी गोचिडीपर्यंत नेली. स्वतः प्लॅट्स-मिल्स यांनाही रानातील भटकंतीत गोचिडी चावल्या होत्या आणि नंतर मेंढीचे मांस खाल्ल्यावर त्यांनाही हा अनुभव आला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी गोचिडीचा दंश आणि मांसाची ॲलर्जी यांचा संबंध स्वतंत्रपणे मांडला होता. अमेरिकेत २०१० ते २०२२ या काळात या आजाराचे एक लाख दहा हजारांहून अधिक संशयित रुग्ण आढळले, असे तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये सांगितले. यांतील अनेकांना केवळ मांस बाधते आणि दूध चालते. काहींना दूधही बाधते. माझी गणना या दुसऱ्या गटात होते.

आता माझ्या घराविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे घर वारकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीच्या तेथील यात्रेला आमच्या घरातून कोणी ना कोणी पायी जातेच. मांस या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाही. त्यामुळे तज्ज्ञांनी जेव्हा सांगितले, "तुम्हाला मासे चालतील, कोंबडी चालेल, अंडी चालतील, दूध आणि तूप मात्र पूर्ण बंद," तेव्हा मी आणि माझे यजमान एकमेकांकडे पाहतच राहिलो. पिढ्यानपिढ्या आमच्या घराने अन्नाच्या जगात एक रेघ ओढलेली होती. तिच्या अलीकडे सर्वांत वरच्या पायरीवर दूध-तूप, आणि पलीकडे मासे व अंडी. एका गोचिडीने ती रेघ पुसून दुसरीच ओढली. नव्या रेघेप्रमाणे गाईचे तूप आणि बोकडाचे मांस एका बाजूला होते, आणि मासळी व मुगाची डाळ दुसऱ्या बाजूला.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गोचिडीचा दृष्टान्त आला आहे. पवित्र आणि गोड दूध त्वचेच्या एका पातळ पदरापलीकडे असते, तरी गोचीड ते सोडून रक्तच सेवन करते, असा त्याचा आशय. हाताशी असलेले ईश्वरी सुख टाकून भलतीकडे धावणाऱ्या जीवासाठी तो योजला आहे. जुन्या मराठीत 'अशुद्ध' या शब्दाचा एक अर्थ रक्त असाही आहे. हे लक्षात ठेवून तो दृष्टान्त वाचला की दुधाचे पावित्र्य आणि रक्ताचे अशुद्धपण किती नेमके समोरासमोर ठेवले आहे, हे जाणवते. या दृष्टान्तावरची निरूपणे मी लहानपणापासून ऐकली. पण आजारानंतर तो वाचला तेव्हा मला त्या पदराचे नवल वाटले. माझ्या गोचिडीने रक्त घेतले आणि जाताना माझ्या व दुधाच्या मध्ये एक पदर सोडून गेली. तो फाडता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला दिसतही नाही.

न दिसणे हेच या दुखण्याचे मुख्य लक्षण आहे. मोडलेला पाय दिसतो, ताप मोजता येतो. माझ्या बाबतीत बाहेरून दिसतो तो केवळ नकार. आणि आपल्या समाजात अन्नाला दिलेला नकार हा माणसाला दिलेला नकार समजला जातो. प्रथम हे मला चहाच्या निमित्ताने कळले. कोणाच्याही घरी गेले की चहा येतोच. "मला कोरा चहा द्या" असे म्हटले की यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो. कोरा चहा हा आपल्याकडे दूध नसलेल्या घरचा चहा. महिनाअखेरीचा, दुष्काळातला, रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या चुलीवरचा. तो पाहुण्यापुढे ठेवायचा म्हणजे आपल्या घरात दूध नाही असे जाहीर करणे. एका ओळखीच्या घरी तर माझ्या हाती कोरा चहा देण्यापूर्वी बाईंनी फ्रीज उघडून दुधाचे भरलेले पातेले मला दाखवले. त्यांना माझा आजार पटला होता, पण त्यांची लाज जात नव्हती. तेव्हा मला समजले, की मी मागत होते ते पेय इतकी वर्षे कितीतरी घरांनी नाइलाजाने प्यायलेले आहे आणि कोणी पाहू नये म्हणून दार लोटून प्यायलेले आहे.

यातून सुटण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि तो मला अनेकांनी सुचवला. 'ॲलर्जी आहे' असे म्हटले की आग्रह सुरू होतो. "एका चमच्याने काय होते?", "घरचे साजूक आहे, बाधायचे नाही", "देवाचे नाव घेऊन खा". पण 'मी दूध सोडले आहे, व्रत आहे' असे म्हटले की त्याच क्षणी सगळे गप्प होतात, हात जोडतात, ताट बाजूला सारतात. व्रताला आपल्याकडे जी प्रतिष्ठा आहे ती दुखण्याला नाही. एकदा कंटाळून मी या युक्तीचा विचार केला होता. पण मग वाटले, उद्या याच मांडवात एखादे लहान मूल येईल, ज्याला शेंगदाणा किंवा दूध बाधत असेल. त्याची आई 'बाधते' असे सांगेल तेव्हा तिचे ऐकून घेण्याची सवय या लोकांना कोण लावणार? ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे आपण म्हणतो. ताक नको असेल तर तेही तितकेच उघडपणे सांगावे, असे मी ठरवले. आता मी सरळ सांगते : "मला हे बाधते. रात्री श्वास अडकतो. तुमच्या हाताला नावे ठेवत नाही." हे तिसरे वाक्य मला बरेच उशिरा सुचले, पण उपयोगी पडते ते तेच.

लोकांचे ऐकून घेणे एका बाजूला. वस्तूंकडून उत्तर मिळवणे दुसऱ्या बाजूला. पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. पण आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दूध आणि मध हे पदार्थ शाकाहारीच धरलेले आहेत; म्हणून तो ठिपका मला काहीच सांगत नाही. मला पाठीमागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिन ही नावे मी शिकले. बिस्किटात ती असतात हे समजण्यासारखे आहे. पण ती पावात, सुपाच्या पाकिटात आणि बटाट्याच्या वेफर्सच्या मसाल्यातही सापडतात. २०२० च्या लेबल-नियमांनुसार दुधासह काही ठरावीक ॲलर्जीकारक घटक स्वतंत्रपणे जाहीर करणे बंधनकारक झाले, आणि २०२२ मध्ये प्राणिजन्य काहीही नसलेल्या पदार्थांसाठी वेगळे चिन्ह आले. माझ्यासारखीला हे नियम म्हणजे केवळ कागद नव्हेत. त्यांतील एकेक ओळ म्हणजे शांतपणे झोपलेली एक रात्र आहे.

औषधांचे अधिक बिकट. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनवतात. रक्त गोठू नये म्हणून देण्यात येणारे हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून मिळवतात. म्हणून माझ्या पाकिटात एक चिठ्ठी असते. तीत आजाराचे नाव, टाळावयाचे पदार्थ आणि अडचण आल्यास द्यावयाचे औषध लिहिलेले आहे. मराठीत एका बाजूला, इंग्रजीत दुसऱ्या बाजूला. आमच्या कोपऱ्यावरचे औषधविक्रेते आता कॅप्सूलची पट्टी हातात घेतली की आधी स्वतःच उलटून वाचतात आणि मग मला देतात. आयुष्यभर तुळशीची माळ जपलेल्या माझ्या सासूबाईंनी एकदा त्यांना विचारले, "म्हणजे मी घेते त्या गोळीतही हाड आहे का?" त्यांनी खरे ते सांगितले. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "विचारायला हवे होते. कधी सुचलेच नाही."

सासूबाईंविषयी आणखी सांगितले पाहिजे. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. मासे-अंड्यांविषयी तज्ज्ञ काय म्हणाले हे त्यांनी ऐकले होते. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "अगं, अंगात ताकद राहायला अंडे लागत असेल तर खा हो. वेगळ्या पातेल्यात शिजवू." त्या एका वाक्यासाठी त्यांना मनात किती लांबची वाट चालावी लागली असेल, याची मला कल्पना आहे. अंड्याची गरज मला पडली नाही. डाळी, शेंगदाणे, तीळ आणि सोयाबीन यांवर माझे भागते. पण 'चालेल' असे त्यांनी म्हटल्यामुळे घरात माझे दुखणे खरे ठरले.

सत्यनारायणाच्या वेळी खरा प्रश्न उभा राहिला. प्रसादाच्या शिऱ्यात तूपही असते, दूधही असते. पंचामृतात तर दूध, दही आणि तूप ही तीन अमृते माझ्या विरोधातली. प्रसाद नाकारायचा कसा? सासूबाईंनी गुरुजींना न विचारताच निर्णय घेतला. नैवेद्याचे केळे आणि तुळशीपत्र त्यांनी आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवले, तीर्थ म्हणून तुळशीचे पाणी दिले आणि कोणी काही बोलण्यापूर्वी म्हणाल्या, "देव भावाचा भुकेला. तूप आपल्याला लागते."

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात माझी एक फळी आहे. एक कढई, एक तवा, दोन पळ्या, एक पोळपाट. पळ्यांच्या दांड्यांना लाल दोरा बांधलेला आहे, म्हणजे तुपाच्या वरणातली पळी चुकून माझ्या आमटीत येत नाही. सासूबाईंना सोवळ्याची सवय असल्याने हे पथ्य त्यांना माझ्याहूनही लवकर जमले. मात्र 'वेगळे भांडे' हे शब्द मी नाशिकमध्ये बसून हलक्या मनाने लिहू शकत नाही. आमच्या घरापासून काही अंतरावर पंचवटीत काळाराम मंदिर आहे. तेथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. वेगळे भांडे, वेगळा पाणवठा, वेगळे दार यांनी या देशात माणसांना पिढ्यानपिढ्या दूर ठेवले. माझ्या फळीवरचे भांडे वेगळे आहे ते मला पंगतीत बसता यावे म्हणून. भांडे कोण वेगळे काढतो, कोणासाठी काढतो आणि ज्याच्यासाठी काढले त्याला विचारून काढतो का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते पथ्य आहे की अपमान, हे ठरते. हा भेद मी पुस्तकात वाचला होता. लाल दोरा बांधताना तो माझ्या बोटांना समजला.

तुम्ही विचाराल, मग मी खाते तरी काय? जेवण थोडके नाही. बाजरीची भाकरी, ठेचा, पिठले, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, भगर, तेलावर परतलेल्या पालेभाज्या, नारळाच्या दुधातली भाजी. नाशिकची मिसळ दह्याची वाटी बाजूला सारली की माझीच. पावाची मात्र चौकशी करावी लागते. संक्रांतीला तीळ आणि गूळ यांच्या पाकात तूप घातले नाही तर तिळगूळही चालतो. ही यादी नीट पाहिली तर ध्यानात येते, की यातले बरेचसे अन्न ज्यांच्या घरी दूधदुभते नव्हते त्यांनी घडवलेले आहे. भाकरी-ठेच्याला तूप लागत नाही, कारण ते रचणाऱ्यांकडे तूप नव्हते. मी आज ज्यावर निर्धास्त जगते, ती त्यांची कमाई आहे. खाईन तर तुपाशी असे म्हणणाऱ्यांना या अन्नाची किंमत कधी कळली नसेल. मला रोज कळते.

तूप मात्र मी आजही कढवते. घरात इतरांना लागते. आठवड्याची साय विरजायची, लोणी काढायचे, मंद आचेवर ठेवायचे. कणी सुटली, रंग आला, की उतरवायचे. पूर्वी मी बोटाने चाखून पाहत असे. आता वासावर आणि आवाजावर अदमास घेते. वासाने मला बाधा होत नाही, हे माझे भाग्य. आवडत्या वस्तूला स्पर्श करायचा, ती दुसऱ्यासाठी उत्तम करायची आणि स्वतः दूर राहायचे, यात दुःख नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी कढईसमोर माझे डोळे भरून येत. आता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला अजूनही हलवते. माणसाच्या शरीरात अल्फा-गॅल नसते, असे मी वर सांगितले. म्हणजेच माणसाच्या आईच्या दुधातही ती नसते. सगळ्या दुधांपैकी ज्याला माझ्या शरीराचा विरोध नाही, असे ते दूध आहे. ज्या बाळाला मी त्या गवतातल्या पायवाटेवरून फिरवीत होते, ते त्या वेळी तेवढ्यावरच वाढत होते. तो आता शाळेत जातो आणि फोनवर विचारतो, "आजी, तुला कोणतेच दूध चालत नाही का?" मी म्हणते, "एक चालत होते, पण ते पिण्याचे वय गेले."

डॉक्टर दरवर्षी माझी रक्ततपासणी करतात. पुन्हा गोचीड चावली नाही तर काही रुग्णांतील प्रतिपिंडे काही वर्षांत कमी होतात आणि थोडे थोडे अन्न परत मिळते. म्हणून शेतावर किंवा डोंगरात जाताना मी पाय झाकते, पायमोजे वर ओढते, घरी आल्यावर अंग तपासते. माझा आकडा हळूहळू उतरतो आहे. तो शून्याला जाईलच असे नाही, आणि त्यावर मी आयुष्य टांगून ठेवलेले नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. संपर्कसत्रांत, लग्नाच्या पंगतीत, कामाच्या ठिकाणी तुम्ही इतरांबरोबर जेवता आणि इतरांना वाढताही. तेथे कधी तरी कोणी हात आडवा धरील आणि विचारील, "यात काय काय घातले आहे?" तो प्रश्न तुमच्या हाताच्या चवीविषयी नसतो. तेव्हा आठवून सांगा : फोडणी कशाची होती, पीठ कशात मळले, वरून काय सोडले. आणि आठवत नसेल तर 'आठवत नाही' असे सांगा. विचारणाऱ्याला त्या उत्तराचाही उपयोग होतो. तो तेवढा पदार्थ सोडून देईल आणि तुमच्या शेजारी बसून बाकीचे जेवेल.